पंचवीस डिसेंबर आणि बोटीची सहल



यंदा आमच्या विहारात एका सहलीवरून बरीच वादावादी झाली. वस्तीतील एक बंधू सफाई खात्यातून सेवानिवृत्त झाले. त्यांची मुलगी बँकेत लागली आहे. आईवडिलांना व धाकट्या भावाला घेऊन नाताळच्या सुट्टीत मुंबई-गोवा बोटीने, म्हणजे हल्ली ज्याला क्रूझ म्हणतात तिने, फिरून यायचे असा तिने बेत केला. हे कळताच दोन-चार कार्यकर्ते म्हणाले, "ताई, पंचवीस डिसेंबर हा मनुस्मृती दहन दिन. समाज महाडला जाणार आणि तुम्ही बोटीवर नाताळचा नाच बघणार?" मुलगी गप्प राहिली. तिची आई मात्र म्हणाली, "दादा, तीस वर्षं लोकांची भांडी घासली. आता चार दिवस कुणीतरी मला ताट वाढू दे की!"

आम्ही काकींच्या बाजूचे आहोत. का, ते सांगतो.

महाडच्या त्या परिषदेला स्वतः बाबासाहेब बोटीनेच गेले होते, हे आमच्या तरुण कार्यकर्त्यांना ठाऊक असायला हवे. 24 डिसेंबर 1927 रोजी ते प्रतिनिधींसह 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले. धरमतरला उतरून मोटारीने महाड गाठणे जवळचे होते. पण मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर काय, हा प्रश्न होता. म्हणून लांबचा दासगावचा मार्ग धरला, कारण दासगावहून महाड पाच मैल, ते पायी गाठता येते. 25 तारखेला सारे दासगावला उतरले आणि चालत महाडला गेले. परिषदेच्या मंडपाला जागा मिळत नव्हती, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या समुद्रावरून आपली माणसे बहिष्कार चुकवीत गेली, त्याच समुद्रावरून आज आपली मुलगी स्वतःच्या पगारातून आईला खिडकीपाशी बसवून नेते. यात चळवळीचा कोणता अपमान झाला, ते आम्हांला कळत नाही. शिवाय हा दिवस आपण भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतो. मग एका कष्टकरी बाईच्या सुट्टीला त्याच दिवशी हरकत घ्यावी, हे तर फारच झाले!

बोटीवर दिन पाळायचा असेल त्यांनी जरूर पाळावा. फक्त एक ध्यानात ठेवावे. आगीच्या भीतीने बोटीच्या खोलीत मेणबत्ती-अगरबत्ती पेटवू देत नाहीत. बाबासाहेबांचा लहान फोटो न्यावा, वंदना म्हणावी, मुलांना 'पद्मावती'ची हकिगत सांगावी. बोटीवर दारूचे गुत्ते नि जुगाराचे टेबल असते, पण तिथे जायची सक्ती नसते. पंचशील घेतलेल्या माणसाला गच्चीवरची हवा पुष्कळ आहे. आणि मुलांनी सांताक्लॉजकडून चॉकलेट घेतले म्हणून त्यांचा धम्म बुडत नाही.

आता हिशेब. आम्ही पेशाने कारकून, तेव्हा जाहिरातीचा कागद हाती आला की आधी तळची बारीक अक्षरे वाचतो. वर मोठ्या अक्षरात दिलेला आकडा बहुधा एका माणसाचा असतो, तोही एका खोलीत दोघे धरून, आणि खोली बिनखिडकीची. चौघांचा आकडा मागा. त्यावर बंदराचा आकार, जीएसटी आणि नोकरांची बक्षिसी येते. नाताळ ते नववर्ष हा भरतीचा हंगाम, तेव्हा हाच प्रवास इतर दिवसांपेक्षा महाग पडतो. मुख्य जेवण भाड्यात असते, पण थंड पेये, इंटरनेट आणि किनाऱ्यावरची सहल यांचे पैसे वेगळे. भर समुद्रात मोबाईल बोटीचे उपग्रहाचे जाळे पकडतो नि बिल भरमसाट येते, म्हणून तो विमानात ठेवतात तसा बंद ठेवावा. ही सारी बेरीज करून, ती रोख भरता येत असेल तरच तिकीट काढावे. सहलीसाठी पतपेढीचे कर्ज काढू नये, आणि भिशी तर मुळीच मोडू नये. काकींच्या मुलीने वर्षभर आधीपासून पैसे साठवले आहेत.

गोव्यात बोट मुरगावला लागते. किनाऱ्यावर आपल्या आपण हिंडायचे की बोटवाल्यांच्या सहलीत जायचे, हे आधी ठरवावे. आपल्या आपण जाणे स्वस्त, पण परतायची वेळ चुकली तर बोट थांबत नाही. बोटवाल्यांच्या सहलीला उशीर झाला तर थांबतात. बहुतेक सहली जुन्या गोव्याची चर्चे दाखवतात. जरूर पाहावीत, नाताळात गोठे नि आकाशकंदील फार सुरेख असतात. पाहताना मुलांना एवढे सांगावे की, धर्म बदलूनही तिथल्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडी, सुदीर हे भेद उरलेच. दुसरी गोष्ट, जी सहलीत कुणी सांगणार नाही. याच गोव्यात कोलवाळ गावी 1930 साली फादर हेरास या ख्रिस्ती पाद्रींना बुद्धमूर्ती सापडली. ती मूर्ती आपल्या मुंबईत आहे, सेंट झेवियर्स कॉलेजातील हेरास संस्थेत.

जाता जाता बोटीवरच्या कामगारांविषयी. आपण सुट्टीवर असतो तेव्हा खोली आवरणारा, भांडी धुणारा मुलगा घरापासून कित्येक महिने लांब असतो, आणि नाताळ हा त्याच्या कामाचा सर्वांत जड आठवडा. 2006 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याला 24 तासांत किमान 10 आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती मिळालीच पाहिजे. भारताने हा करार 2015 साली मान्य केला. त्याच्याशी 'ए पोऱ्या' म्हणून बोलू नये, एवढे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

आपलीही मुले हॉटेलचे शिक्षण घेऊन बोटीवर जाऊ लागली आहेत. त्यांच्या आईबापांना आमची विनंती आहे. बोटीवर नोकरी लावतो म्हणून एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेणे बेकायदा आहे, आणि भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. कुणाकडे असा एजंटाचा कागद आला असेल, त्याने सही करण्याआधी रविवारी वंदनेनंतर तो विहारात घेऊन यावा. आम्ही दहा ते बारा तिथेच असतो.