सबनॉटिका २ : एका गेमच्या रिलीज डेटवर २५ कोटी डॉलर कसे अडकले?

चहूबाजूंनी फक्त समुद्र. लांबवर एक अवाढव्य अवकाशयान जळतंय, तुम्ही त्यातूनच पडलाय. आता तुमच्याकडे एक छोटीशी तरंगती लाइफपॉड आहे आणि पाण्याखाली टिकेल एवढा ४५ सेकंदांचा श्वास.

'सबनॉटिका' हा गेम इथून सुरू होतो. हातात नकाशा नाही आणि बंदूकही नाही. तरीही जगभरातल्या लाखो लोकांनी तासन्‌तास या परग्रहावरच्या समुद्रात बुड्या मारल्या आहेत.

जुलै २०२५ पासून मात्र या गेमचं नाव कोर्टाच्या बातम्यांमध्ये यायला लागलं. एका बाजूला गेम बनवणारे लोक, दुसऱ्या बाजूला त्यांची मालक कंपनी क्राफ्टन. हो, तीच पब्जीवाली कोरियन कंपनी, जी आपल्याकडे बीजीएमआय चालवते. भांडणातली रक्कम जास्तीत जास्त २५ कोटी डॉलर, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांहून जास्त. मार्च २०२६ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टानं त्यावर निकाल दिला.

हे भांडण नेमकं कशावरून झालं आणि गेम विकत घेणाऱ्या साध्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, तेच बघू.

आधी गेम समजून घेऊ

सबनॉटिका हा सर्व्हायव्हल आणि क्राफ्टिंग प्रकारातला गेम आहे. म्हणजे जगायचं, आणि जगण्यासाठी लागेल ते स्वतः बनवायचं.

सुरुवातीला तुम्ही उथळ पाण्यात पोहत टायटॅनियम, तांबं, क्वार्ट्‌झ गोळा करता. लाइफपॉडमध्ये फॅब्रिकेटर नावाचं मशिन असतं. त्यात हा माल टाकला की ऑक्सिजनची टाकी, चाकू, टॉर्च असं काहीबाही तयार होतं. भूक लागते, तहान लागते. चारी बाजूंनी पाणी असलं तरी ते पिता येत नाही. मग ब्लॅडरफिश नावाचा मासा पकडून त्याच्यापासून पिण्याचं पाणी करावं लागतं.

बुडालेल्या यानाचे तुकडे स्कॅन केले की नवीन वस्तू बनवायची रीत कळते. पुढे सीमॉथ नावाची एकट्यापुरती पाणबुडी मिळते. पण तीही सुरुवातीला २०० मीटरपर्यंतच जाते, त्याखाली पाण्याच्या दाबानं चेपायला लागते. आणखी खाली जायचं तर आणखी सामान लागतं आणि ते सामान सापडतं खालीच. सगळा गेम असा एकेक पायरी खोल नेतो.

खाली अंधार आहे, आणि त्या अंधारात रीपर लेव्हायथनसारखे प्राणी आहेत. तो दिसायच्या आधी त्याचा आवाज येतो. अशा वेळी बहुतेक लोक एकच गोष्ट करतात, पळ काढतात. चाकू आहे, प्राण्याला काही क्षण थिजवणारं एक यंत्र आहे, पण धडाधड गोळ्या घालून मोकळं होण्याची सोय नाही.

यामागे कारण आहे. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत गोळीबार झाला, त्यात २० मुलं आणि शाळेतली ६ मोठी माणसं मारली गेली. गेमचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी नंतर सांगितलं, की त्या घटनेनंतर आपल्या गेममधून जगात आणखी बंदुका आणायची त्यांची इच्छा उरली नव्हती.

अर्धवट गेमला लोक पैसे का देतात?

सबनॉटिका बनवला अनोन वर्ल्ड्‌स या सॅन फ्रान्सिस्कोच्या छोट्या स्टुडिओनं. डिसेंबर २०१४ मध्ये तो स्टीमवर आला, तोही अर्ली ॲक्सेसमध्ये.

अर्ली ॲक्सेस म्हणजे गेम पूर्ण व्हायच्या आधीच तो विकायला काढायचा. घेणाऱ्याला माहीत असतं की यात बग आहेत, गोष्ट अपुरी आहे, काही भाग रिकामे आहेत. तरी तो पैसे देतो, खेळतो आणि काय चुकतंय ते कळवतो. सबनॉटिकामध्ये तर खेळता खेळता एफ-८ बटण दाबून थेट स्टुडिओला अभिप्राय पाठवता यायचा.

हे तीन वर्षांहून जास्त काळ चाललं. पूर्ण गेम आला जानेवारी २०१८ मध्ये आणि २०२० सुरू होईपर्यंत त्याच्या ५० लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या.

हा सगळा व्यवहार विश्वासावर चालतो. गेम लांबला, तर तो चांगला व्हावा म्हणूनच लांबला असणार, असं गिऱ्हाईक धरून चालतं. पुढच्या भांडणात नेमका हाच विश्वास पणाला लागला.

क्राफ्टन आली, सोबत एक अट आली

ऑक्टोबर २०२१ मध्ये क्राफ्टननं अनोन वर्ल्ड्‌स विकत घेतली. ५० कोटी डॉलर लगेच द्यायचे ठरले. शिवाय २०२५ संपेपर्यंत महसुलाची ठरलेली उद्दिष्टं गाठली, तर आणखी २५ कोटी डॉलरपर्यंत बोनस. अशा अटीला अर्नआउट म्हणतात.

सोपं उदाहरण घेऊ. समजा तुमचं मिसळीचं हॉटेल जोरात चाललंय. एक मोठा शेठ येतो आणि म्हणतो, 'हे घ्या ५० लाख, हॉटेल माझं. पुढच्या चार वर्षांत अमुक इतका गल्ला झाला, तर वरून २५ लाख. तोवर मात्र हॉटेल तुम्हीच चालवायचं.' तुम्ही हो म्हणता, कारण हॉटेल तुमच्या हातात राहणार असतं.

आता चौथ्या वर्षी तुम्ही नवीन शाखा उघडायला निघालात. ती उघडली तर गल्ला नक्की वाढणार. तेवढ्यात शेठ येतो आणि म्हणतो, 'मिसळ अजून जमलेली नाही, शाखा पुढच्या वर्षी.' आणि तुम्हाला गल्ल्यावरून उठवतो.

शेठला खरंच मिसळ बेचव लागली, की त्याला २५ लाख वाचवायचे होते? सबनॉटिका २ च्या खटल्यातही मूळ प्रश्न हाच होता.

जुलै २०२५ मध्ये काय झालं?

सबनॉटिका २ ची लोक वाट बघत होते. यात पहिल्यांदाच चार जणांना मिळून खेळता येणार होतं. अर्ली ॲक्सेस २०२५ मध्ये येणार असं जाहीर झालं होतं.

जुलैच्या सुरुवातीला क्राफ्टननं क्लीव्हलँड, सहसंस्थापक मॅक्स मॅग्वायर आणि सीईओ टेड गिल या तिघांना काढलं. त्यांच्या जागी स्टीव्ह पापुट्सिस आले. काही दिवसांतच गेम २०२६ मध्ये ढकलला गेला. तारीख पुढे गेली म्हणजे बोनसची मुदतही हातातून निसटणार होती.

काढलेल्यांच्या बाजूनं डेलावेअरच्या चान्सरी कोर्टात दावा दाखल झाला. गेम तयार होता, आमचा बोनस बुडवायला तो अडवला, असं त्यांचं म्हणणं.

क्राफ्टनचं म्हणणं वेगळं होतं. बोनसमधला सुमारे ९० टक्के वाटा या तिघांसाठीच होता, तरी त्यांनी कामाकडे पाठ फिरवली, क्लीव्हलँड तर सिनेमाच्या मागे लागले, असा कंपनीचा आरोप. त्याच सुमारास स्टुडिओतला एक अंतर्गत कागद फुटला. अर्ली ॲक्सेसमध्ये आधी ठरवलेल्यापेक्षा कमी गोष्टी असतील, असं त्यात दिसत होतं. तो कागद खरा असल्याचं क्राफ्टननं मान्य केलं.

इंटरनेटवर मात्र लोकांनी निकाल आधीच लावला होता. अनेकांनी गेम विशलिस्टमधून काढायची हाक दिली. राग समजण्यासारखा होता, पण विक्री पडली असती तर फटका स्टुडिओत रोज काम करणाऱ्यांनाही बसला असता. कर्मचाऱ्यांच्या बोनसची मुदत क्राफ्टननं पुढे वाढवली खरी, पण त्यांनी हे भांडण ओढवून घेतलेलं नव्हतं.

कोर्टात चॅटबॉट कुठून आला?

नोव्हेंबर २०२५ मध्ये सुनावणी झाली आणि सगळ्यात जास्त गाजली ती एक गोष्ट. बोनस द्यावा लागू नये यासाठी काय करता येईल, हे क्राफ्टनचे सीईओ किम चांग-हान यांनी चॅटजीपीटीला विचारलं होतं. असा बोनस रद्द करणं अवघड आहे, असं चॅटबॉटनंही आधी सांगितलं होतं. कंपनीतूनही त्यांना खटल्याचा आणि बदनामीचा धोका सांगितला गेला होता.

मार्च २०२६ मध्ये न्यायाधीश लोरी विल यांनी क्राफ्टनच्या विरोधात निकाल दिला. करारानुसार स्टुडिओ चालवायचा अधिकार या लोकांकडे होता आणि ठोस कारण असल्याशिवाय त्यांना काढता येत नव्हतं. असं कारण क्राफ्टनला दाखवता आलं नाही. क्लीव्हलँड आणि मॅग्वायर यांनी रोजच्या कामातून अंग काढलं होतं हे खरं, पण ते क्राफ्टनला आधीपासून माहीत होतं.

टेड गिल यांना पुन्हा सीईओ करायचा आदेश झाला. अर्ली ॲक्सेस कधी आणायचा, याचा अधिकार त्यांच्याकडे गेला. जेवढा काळ वाया गेला, त्याची भरपाई म्हणून बोनसची मुदतही वाढवली गेली. नुकसानभरपाईच्या रकमेचा प्रश्न पुढच्या टप्प्यासाठी ठेवला गेला. या निकालाशी आपण सहमत नसल्याचं क्राफ्टननं म्हटलं.

यात गेमरचं काय?

कराराचा प्रश्न कोर्टानं सोडवला. गेम २०२५ मध्ये खरंच तयार होता का, याचं समाधानकारक उत्तर मात्र विकत घेणाऱ्याला त्यातून मिळत नाही.

नीट बघा. 'गेम तयार आहे' म्हणणाऱ्यांना तो २०२५ मध्ये आला तर कोट्यवधी डॉलर मिळणार होते. 'गेम तयार नाही' म्हणणाऱ्यांचे तो लांबला तर तेवढेच वाचणार होते. म्हणजे गेमच्या दर्जाबद्दल बोलणाऱ्या दोन्ही बाजूंचे पैसे तारखेत अडकले होते. आणि ही अट बाहेरच्या लोकांना कळली ती भांडण पेटल्यावरच.

पहिला सबनॉटिका तीन वर्षं लांबला, तेव्हा असा संशय घ्यायचं कारण कुणाकडे नव्हतं. आता दुसऱ्या भागाबद्दल तारीख अलीकडे आली तरी प्रश्न पडेल आणि पलीकडे गेली तरी.

आपल्याकडेही हा विषय लांबचा राहिलेला नाही. 'रिअल क्रिकेट' बनवणाऱ्या पुण्याच्या नॉटिलस मोबाइलमध्ये क्राफ्टननं २०२५ मध्येच बहुसंख्य हिस्सा घेतला. त्या व्यवहारात काय अटी आहेत हा वेगळा भाग. पण भारतातले स्टुडिओ मोठ्या कंपन्यांकडे जात राहणार असतील, तर इथल्या संस्थापकांनी या निकालातून एक गोष्ट उचलावी. बोनसच्या आकड्याइतकंच महत्त्व 'तारीख कोण ठरवणार' आणि 'मला कोणत्या कारणानं काढता येईल' या दोन कलमांना आहे. क्राफ्टन हरली ती याच कलमांमुळे.

आणि गेमरनं काय करावं? अर्ली ॲक्सेस घेताना पुढच्या वर्षी काय येणार याची जाहिरात बाजूला ठेवायची. आज त्यात जे आहे तेवढ्याला आपण ठरलेली किंमत देऊ का, एवढंच बघायचं. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात, अर्ली ॲक्सेसच्या गेमलाही तोच नियम आहे.

दोन तासांत सबनॉटिकाचा तळ कुणालाच दिसत नाही. पण या पाण्यात आणखी खोल जायचं की नाही, ते तेवढ्या वेळात कळतं.