तोच ऑगस्ट, आठ वेळा!

बॉस, एकच गोष्ट सलग आठ आठवडे टीव्हीवर बघितलीय कधी? रिपीट टेलिकास्ट नव्हे हं, दर वेळी नवाकोरा एपिसोड!

२००९च्या जून ते ऑगस्टमध्ये जपानमधल्या ‘हारुही सुझुमिया’च्या फॅन्सनी हे भोगलं. तीन वर्षं डोळे लावून बसल्यावर नवे चौदा एपिसोड्स आले आणि त्यातले आठ ‘एंडलेस एट’नेच खाल्ले! सुट्टीचे शेवटचे दोन आठवडे, पोहणं, फटाके, कॅफे... आणि ३१ ऑगस्ट संपला की गाडी परत १७ वर. हाईट म्हणजे क्योटो अ‍ॅनिमेशनने प्रत्येक भाग नव्याने काढला, आवाजही पुन्हा रेकॉर्ड केले. कपडे बदलले, अँगल बदलले, गोष्ट तीच. मेहनत घेऊन पकवणं म्हणतात ते हेच!

मी आठही भाग एका रविवारी उरकले, तरी चौथ्यालाच बोट फॉरवर्डकडे जायला लागलं. दर वेळी कॅफेतून हारुही निघते, क्योनला तिला थांबवायचं असतं आणि हा गप्प! अरे, बोल ना बाबा! आठवडाभर थांबून हेच बघणाऱ्यांचं काय झालं असेल?

एक मात्र मान्य. हे १५,५३२ फेरे, म्हणजे जवळपास सहाशे वर्षं, एकट्या नागातोला आठवत असतात. २०१०च्या सिनेमात ती असह्य होऊन अख्खं जगच बदलते, तेव्हा तिचा थकवा आपल्याला आतून कळतो. पण त्यासाठी तीन भाग पुरले असते की! सुटका कशाने होते, माहितीये? क्योनच्या राहिलेल्या होमवर्कने.