कणभर धूळ, मणभर आव्हान

२३ ऑगस्ट २०२३ रोजी 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात अलगद उतरला आणि कोट्यवधी भारतीयांची मान अभिमानाने उंचावली. २०४० पर्यंत भारतीयाचे पाऊल चंद्रावर उमटावे, असा संकल्पही देशाने केला आहे. संकल्प तेजस्वी आहे. परंतु त्याच्या सिद्धीच्या मार्गात एक वरकरणी क्षुल्लक शत्रू उभा आहे. तो म्हणजे चंद्रावरची धूळ.

चंद्रावर हवा नाही. त्यामुळे यानातील उष्णता वाऱ्यासवे निघून जात नाही. ती केवळ प्रारणाच्या रूपानेच बाहेर पडते. म्हणून यानाच्या काही पृष्ठभागांना पांढरा रंग वा चंदेरी मुलामा दिलेला असतो. सूर्यप्रकाश परतवायचा आणि आतील उष्णता बाहेर टाकायची, हे त्यांचे दुहेरी कार्य. चंद्राची धूळ मात्र काळपट. पडलेला बहुतांश प्रकाश ती शोषून घेते. तिचा विरळ थर बसला, तरी थंडावा राखणारा पृष्ठभागच ऊन शोषू लागतो. शिवाय वारा-पाण्याने न झिजलेले तिचे टोकदार कण विद्युतभारामुळे चिकटून राहतात.

इतिहास याला साक्षी आहे. अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांनी ब्रशने धूळ झाडूनही चांद्रबग्गीच्या बॅटऱ्या तापत राहिल्या. १९७३ मध्ये सोव्हिएत 'लुनोखोद-२'चे झाकण विवराच्या कडेला लागले. त्यावरील माती उष्णता बाहेर टाकणाऱ्या पृष्ठभागावर सांडली आणि ती गाडी तापून कायमची निकामी झाली. महासत्तांच्या पराक्रमालाही मूठभर मातीने मर्यादा घातली!

'विक्रम' व 'प्रज्ञान' यांचे नियोजित कार्य एका चांद्रदिवसाचे, म्हणजे पृथ्वीवरील सुमारे १४ दिवसांचे होते. मानव तेथे जाईल, तेव्हा पृष्ठभागाचे तापमान हा त्याच्या प्राणांचा प्रश्न असेल. भारताची पाटी याबाबत कोरी नाही. तामिळनाडूतील सित्तमपूंडी परिसरातील खडक दळून इस्रोने चंद्रासारखी माती सिद्ध केली आणि तिच्यावर आपल्या यंत्रांची परीक्षा घेतली. परदेशाकडे हात न पसरता साधलेले हे स्वावलंबन आता अनेक विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत पोहोचले पाहिजे.

प्रश्न समाजाच्या मानसिकतेचाही आहे. यान उतरल्यावर फटाके वाजवणारी घरे, आपला मुलगा वा मुलगी धुळीच्या कणांवर दहा वर्षे संशोधन करू म्हणते, तेव्हा पाठीशी उभी राहतील काय? राष्ट्राचा गौरव जयघोषात प्रकटतो. घडतो मात्र अशाच अबोल तपश्चर्येतून. त्या तपश्चर्येस घराघरातून बळ मिळाले, तरच चंद्रावर उमटणारे भारतीय पाऊल तेथे स्थिरावेल.