परक्या मापाचे यकृत

तोरणा-राजगडाच्या कुशीत भातखाचरांत राबणारा शेतकरी सडपातळ व काटक असतो. शासनाने २०२४ मध्ये ज्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला तो वेल्हे तालुका आणि शेजारचे भोर, दोन्हीकडचे हेच चित्र. अशा देहात मेदाने ग्रासलेले यकृत असू शकेल, हे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. यकृतावर मेद चढणे हा सुखवस्तू, स्थूल माणसाचा विकार, ही समजूत मुख्यतः पाश्चात्त्य देहांच्या मोजमापावर पोसलेली आहे.

ही समजूत खोडून काढणारा पुरावा पुण्यातच सिद्ध झाला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा देहभार-निर्देशांक एकच, २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! 'लॅन्सेट'ने २००४ मध्ये ही तुलना प्रसिद्ध केली. पुढे २०१० मध्ये बंगालच्या ग्रामीण भागातील पाहणीत ८.७ टक्के प्रौढांच्या यकृतात मेद आढळला आणि त्यांतील पाऊणशे टक्के लोकांचा निर्देशांक पंचविसाच्या आत होता.

दुसरा पूर्वग्रह याहून क्लेशदायक आहे. कातकरी वा महादेव कोळी रुग्णाला कावीळ झाली, की 'दारू पीत असेल' असे म्हणून प्रश्न मिटवण्याचा मोह होतो. पण कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या 'ई' विषाणूची असू शकते, रक्तातून पसरणाऱ्या 'बी' विषाणूची असू शकते, क्षयाच्या औषधांचा दुष्परिणामही असू शकते. जातीवरून केलेले निदान हे निदान नव्हे. तो रुग्णावर लादलेला कलंक होय. मद्यपानाची चौकशी अवश्य व्हावी. मात्र ती प्रत्येकाकडे, सारख्याच आदराने व्हावी.

उपाय खर्चिक नाहीत. भारतीयांसाठी २३ पासून अतिरिक्त वजन व २५ पासून स्थूलता मानावी, पुरुषांच्या कमरेचा घेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरपुढे गेल्यास सावध व्हावे, असे आपल्याच तज्ज्ञांनी २००९ मध्ये सांगितले. त्यासाठी एक फीत पुरते. वय, यकृताची दोन विकरे आणि रक्तबिंबिका यांच्या साध्या गणिताने यकृत किती निबर झाले असावे याचा अंदाज बांधता येतो. 'बी' व 'सी' काविळीची तपासणी आणि उपचार २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार विनामूल्य आहेत. मेदयुक्त यकृताचा समावेशही केंद्राने २०२१ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात केला.

योजना दिल्लीत आखल्या गेल्या, शास्त्र पुण्यात उभे राहिले. आता ते खिंडी ओलांडून मावळातील शेवटच्या वाडीपर्यंत पोहोचले पाहिजे. समोरच्या माणसाला त्याच्याच मापाने मोजणे, हाच वैद्यकाचा पहिला धर्म आहे.