मॉनिटर भंगारात देण्याआधी



पर्युषणाआधी घर आवरायला घेतलं की माळ्यावरून एखादा तरी जुना चपटा मॉनिटर खाली येतो. मुलाचा कॉलेजातला, नाहीतर दुकानातल्या बिलिंगचा. ‘लागत नाही’ म्हणून तो भंगारवाल्याच्या टेंपोत जातो, हातात थोडे पैसे येतात आणि परिग्रह कमी झाल्याचं समाधान मिळतं. मला हे समाधान पटत नाही.

वस्तू आपल्या दाराबाहेर गेली म्हणजे संपली, असं नसतं. साधू-साध्वींच्या पाच समित्यांमधली शेवटची समिती टाकण्याविषयीच आहे. जे टाकायचं ते कुठे पडणार, तिथे जीव आहेत का, हे बघून मगच परठवायचं. आपण गृहस्थ, आपल्याला तेवढं जमणार नाही. पण ‘कुठे पडणार’ एवढं तरी विचारावं. भंगारात वायरी जाळून तांबं काढतात. जुन्या मॉनिटरच्या पडद्यामागे पेन्सिलीहून बारीक काचेच्या नळ्या असतात, त्यांत थोडा पारा असतो. पॅनेल फोडलं की तो हवेत आणि मातीत जातो, आणि फोडणाऱ्याच्या हातात बहुधा मोजेही नसतात. एवढं सगळं पुष्कळदा वीस रुपयांच्या एका भागासाठी. विनाकारण घडवलेली हिंसा म्हणजे अनर्थदंड. आठव्या व्रताला याहून जवळचं उदाहरण मला तरी सुचत नाही.

तो वीस रुपयांचा भाग म्हणजे कपॅसिटर. चपट्या मॉनिटरचा पडदा सहसा लवकर जात नाही, त्याला वीज पुरवणारी पाटी आधी जाते. त्या पाटीवर लहान उभ्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात. आतला द्रव उष्णतेने सुकतो, वायू धरतो आणि डब्याचं सपाट डोकं फुगतं. २००० नंतरच्या काही वर्षांत तर सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभरच्या यंत्रांत गेले होते. लक्षणं सोपी आहेत. बटण दाबल्यावर दिवा नुसता लुकलुकतो, किंवा चित्र दोन सेकंद दिसून विझतं. विझलेल्या पडद्यावर तिरकी टॉर्च धरा. चित्र पुसटसं दिसलं तर पडदा शाबूत आहे, मागचा उजेड तेवढा गेलाय. नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि १०५ अंशांचा घ्यायचा. अंगावर पट्टा असलेली बाजू ऋण, ती उलटी लागता कामा नये. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कोणी जाणार असेल तर चिठ्ठी द्यावी.

‘या वयात हे कशाला’ असं मला सगळ्यांनी विचारून झालंय. आमच्या वेळणेश्वरात २०१२ साली महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. तिथे शिकणारी एक मुलगी आमच्याकडे भाड्याने राहत होती, तिने मला सोल्डरिंग शिकवलं. पापडाची लाटी सारखी करण्यापेक्षा ते अवघड नाही. धोका मात्र खरा आहे, तो लपवणार नाही. २३० व्होल्टच्या लाइनवर आतला मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. म्हणून प्लग काढून ठेवून द्यायचं, उघडल्यावर कशालाही हात लावण्याआधी मल्टिमीटरने मोजायचं, आणि पहिल्या वेळी जाणकार माणूस शेजारी हवाच. मल्टिमीटर नसेल तर झाकण उघडूच नये.

आता हिशोब, कारण बी.कॉम.ची सवय जात नाही. आमचे हे म्हणतात, जुना मॉनिटर वीज जास्त खातो. खातो, कबूल. नळ्यांचा एकोणीस इंची मॉनिटर ३५ वॉट घेतो आणि नवा १८, असं धरू. रोज सहा तास चालला तर महिन्याला तीन युनिट जास्त. दहा रुपये युनिट धरलं तरी वर्षाचे ३६० रुपये. पाच हजारांचा नवा आणला तर ते वसूल व्हायला जवळजवळ चौदा वर्षं लागतील. दुकानदार घरांत दुसरंच कारण ऐकू येतं, ‘वहीत त्याची किंमतच उरली नाही.’ प्राप्तिकरात संगणकाला ४० टक्के घसारा आहे, दहा हजारांचे पाच वर्षांत ७७८ होतात. पण घसारा वहीत लिहिलेला असतो, पडद्यावर नाही.

कोकणात आणखी एक गोष्ट बघावी लागते. पडवीत वर्षभर पडलेला मॉनिटर रिकामा नसतो. झरोक्यांतून मुंग्या शिरतात, पाल अंडी घालते, कुंभारीण मातीचं घर बांधते. हाच मॉनिटर भंगारात जाऊन जळला तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको. उघडण्याआधी उन्हापासून दूर उभा करून ठेवावा, हलकेच टिचक्या माराव्यात, मग पूंजणीने अलगद साफ करावं. कुंभारणीचं घर दिसलं तर मी झाकण परत लावते आणि ते रिकामं होईपर्यंत थांबते. काही आठवडे जातात, जाऊ देत. चातुर्मासात दिवेलागणीनंतर सोल्डरिंग करायचंच नाही. दिव्यापाशी पावसाळी किडे येतात आणि खाली साडेतीनशे अंशांचं टोक तापलेलं असतं.

दुरुस्तीच्या नावाखाली दहा मॉनिटर जमवणं हाही परिग्रहच. माझ्याकडे एका वेळी एकच असतो, आणि जो होणार नाही त्याचा मी हट्ट धरत नाही. पडद्याला तडा गेला किंवा उभ्या रेघा कायम राहिल्या तर ते घरचं काम नाही. तसा मॉनिटर न फोडता अख्खा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यापर्यंत पोचवावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी ही जबाबदारी मुख्यतः उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे कंपनीकडे ‘परत कुठे द्यायचा’ असं विचारायला संकोच करू नका. पुण्याला नातेवाईक असतील तर ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था अशा वस्तू घेते. आमच्यासारख्या गावातून मात्र गाडी जाईपर्यंत तो कोरड्या जागी ठेवण्याची तयारी हवी.

आणि चालू झालेला मॉनिटर कोणाला द्यायचा असेल तर घरी तीन-चार दिवस रोज चालवून बघावा. बिघडलेली वस्तू दानात देऊन मोकळं होण्याची एक रीत आपल्यात पडली आहे. घेणाऱ्याला ती नाही म्हणता येत नाही, आणि शेवटी भंगारात तोच नेऊन टाकतो. देताना वीजेची आणि चित्राची अशा दोन्ही केबल बरोबर द्या. त्यांच्या संगणकाला कोणती पिन लागते, ते आधी फोन करून विचारा.