शरद, ऑटम आणि भोंडल्याचा पाट

आमची मुलगी सात वर्षांची आहे, मुलगा पाच वर्षांचा. दोघेही शाळेत जात नाहीत. त्यांचे शिक्षण आम्ही पुण्यात घरीच करतो. गेल्या आश्विनात 'सध्या जो ऋतू चालू आहे त्याचे चित्र काढ' असे मुलीला सांगितले, तेव्हा तिने नारिंगी, कातरलेल्या पानांचे एक झाड काढले. झाडाखाली गळलेल्या पानांचा ढीग आणि शेजारी भला मोठा भोपळा. झाड मेपलचे होते. ते तिने कधीही पाहिलेले नाही. आमच्याच कपाटातल्या इंग्रजी चित्रपुस्तकांतून ते तिच्या कागदावर उतरले होते. खिडकीबाहेर मात्र पावसाने धुतलेली झाडे गच्च हिरवी उभी होती.

साहित्याच्या अभ्यासकांना यातला प्रश्न ओळखीचा वाटेल. 'ऑटम' म्हणजे 'शरद' असे आपण सहज सांगून मोकळे होतो; पण शब्दाला प्रतिशब्द मिळाला म्हणून अनुभवाला प्रति-अनुभव मिळत नाही. थंड प्रदेशांत दिवस लहान होऊ लागले की पानांतले हरितद्रव्य नाहीसे होते, त्यामागचा पिवळा रंग उघडा पडतो, काही झाडे तांबडे रंगद्रव्य नव्याने तयार करतात आणि मग पाने गळतात. म्हणून तिकडच्या कवितेत हा ऋतू सुगीचा असूनही ओसरण्याचा. आपल्याकडची पानगळ मुख्यतः कोरडेपणाची, आणि ती पुढे शिशिरात येते. आपला शरद निवळलेल्या पाण्याचा, पिकत्या भाताचा, पूर्ण चंद्राचा. हा भेद ज्याच्या डोळ्यांत नाही, त्याला पुढे जुन्या काव्यातले शरदाचे चांदणे उदास का नाही, हे टीप देऊन समजावावे लागेल.

म्हणून आम्ही महिनाभर रोज सकाळी बाहेर पडायचे ठरवले. कधी वेताळ टेकडी, कधी सिंहगडाचा उतार, एकदा मुळशीकडची भातखाचरे. सोनकीने उतार पिवळे झाले होते. तेरड्याचे पिकलेले बोंड बोटाचा स्पर्श होताच फुटते आणि बिया उडतात, हे कळल्यावर धाकटा अर्धा तास तिथून हलला नाही. त्या दिवशी आम्ही वेगळे काही शिकवले नाही.

यात आमचे नवे असे काही नाही. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' 1956 सालचे. महिन्यामहिन्याने पाहत जाणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला त्याने केव्हाच दाखवले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला 'कुरणशाळा' चालवली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली. आमच्यासारख्या, सकाळ मोकळी ठेवणे परवडणाऱ्या शहरी पालकांनी हा फरक विसरू नये. आम्ही निवडीने बाहेर पडतो. ती मुले गरजेपोटी बाहेर होती.

इथवर सारे आमच्या मताला अनुकूल होते. पुढे भोंडला आला. पाटावर हत्ती काढला, खिरापत झाकून ठेवली आणि फेर धरायला आम्ही चौघेच! चार माणसांचा फेर होत नाही. इमारतीतल्या मुलींची सहामाही परीक्षा होती. अखेर एका रविवारी पाच जणी तासाभरासाठी आल्या. त्यांना गाणी येत होती, कारण शाळेत दरवर्षी भोंडला होतो. आमच्या मुलीला एकही येत नव्हते. तिने ती त्या संध्याकाळी त्यांच्याकडून घेतली. खिरापत ओळखताना त्या ओरडत होत्या तेव्हा ती प्रथमच त्यांच्यातली एक दिसली, आणि आपण तिच्यापासून काय दूर ठेवले आहे, हे आम्हाला लख्ख दिसले.

तेव्हा आमचे मत असे. ऋतू अर्धा निसर्गात असतो आणि अर्धा समूहात. निसर्गातला अर्धा शाळेच्या वेळापत्रकात हरवतो. समूहातला अर्धा घरशिक्षणाच्या एकांतात. पहिल्या उणिवेकडे बोट दाखवून दुसरी झाकणे हा अप्रामाणिकपणा आहे आणि तो आम्ही काही वर्षे केला. यंदा भोंडला परीक्षेआधीच्या रविवारी ठेवून इमारतीतल्या साऱ्या मुलांना बोलवायचे, असे आम्ही ठरवले आहे. शिक्षक वाचकांकडेही एक मागणे आहे : ऋतुवर्णनाचा पाठ आश्विनात आला, तर तो एक तास तरी भिंतींबाहेर घ्यावा.

मेपलचे ते चित्र आम्ही काढून टाकलेले नाही. ते झाड खरेच आहे. फक्त ते आपल्या खिडकीतले नाही, एवढे मुलीला कळले म्हणजे पुरे.