एका दिवसाचे चित्रदर्शन

पुण्याच्या किंवा नाशिकच्या रसिकाला मुंबईतले एखादे चित्रप्रदर्शन पाहायचे असेल, तर चित्रांच्या आधी त्याला वेळापत्रकांचा अभ्यास करावा लागतो. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट या केंद्र सरकारच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाची दालने दिल्ली, मुंबई आणि बंगळूरू या तीनच शहरांत आहेत. त्यांपैकी मुंबईचे दालन, 1952 पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही तिन्ही ठिकाणे काळा घोडा परिसरात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे एका दिवसात सगळे पाहून होईल असा समज सहज होतो, आणि बहुतेक सहली याच समजावर आखल्या जातात.

पहिली अडचण वारांची असते. जहांगीरमधली प्रदर्शने सामान्यतः आठवडाभराची असून ती मंगळवारी सुरू होतात आणि सोमवारी उतरतात. त्यामुळे रविवारच्या पुरवणीत (प्रस्तुत सदरासारख्या मजकुराच्या शेजारीच) एखाद्या प्रदर्शनाचे परीक्षण वाचून वाचकाला ते पाहावेसे वाटले, तर त्याच्या हाती उरतो तो सोमवार, आणि नेमक्या त्याच वारी रस्त्यापलीकडचे आधुनिक कलेचे दालन साप्ताहिक सुटीमुळे बंद असते. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय जोडीला पाहू म्हणावे, तर त्याची सुटी बुधवारी. शनिवार-रविवार निवडला की दारे उघडी असतात, परंतु गर्दीही तितकीच असते, आणि चित्रासमोर उभे राहून छायाचित्र काढून घेणाऱ्यांची रांग संपेपर्यंत चित्र पाहणाऱ्याला बाजूला थांबावे लागते.

दुसरा हिशेब तासांचा आहे. डेक्कन क्वीनने सकाळी सव्वासातच्या सुमारास पुणे सोडणारा प्रवासी साडेदहाच्या आत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो आणि तीच गाडी परतीसाठी पाच वाजून गेल्यावर लगेच सुटते; म्हणजे घरापासून घरापर्यंतच्या तेरा-चौदा तासांत शहराच्या वाट्याला साडेसहा तास येतात, तेही पावसाळ्यात कर्जत-लोणावळा घाटात दरड कोसळली नाही तर. या साडेसहा तासांतून हुतात्मा चौकावरून उन्हात केलेली पायपीट, तिकिटाची खिडकी, पिशव्या जमा करण्याची रांग, जेवण आणि परतीची धाकधूक वजा जाते. जहांगीरच्या आवारात 1964 पासून चालणारे ‘समोवार’ हे उपाहारगृह 2015 मध्ये बंद झाल्यापासून चित्रे पाहता पाहता मध्येच टेकण्याची हक्काची जागाही गेली आहे, आणि हे नुकसान वरवर दिसते तितके किरकोळ नाही.

थकवा हा या सहलीचा प्रासंगिक दोष नसून संग्रहालय नावाच्या व्यवस्थेत तो पूर्वीपासून मुरलेला आहे. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातील बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी 1916 मध्ये ‘संग्रहालयीन थकवा’ अशी संज्ञा मांडून, वाकून, चवड्यांवर उंच होऊन किंवा मान वेळावून वस्तू पाहणाऱ्या माणसाची छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि प्रेक्षकाच्या अंगावर येणारा हा शीण मुख्यतः मांडणीतून निर्माण होतो, असे दाखवले. त्यात प्रकाशाची भर पडते. कागदावरची जलरंगचित्रे आणि लघुचित्रे प्रकाशाने फिकी पडतात व हे नुकसान कधीच भरून येत नाही, म्हणून अशा दालनांत उजेड साधारण पन्नास लक्सच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. लक्स हे एखाद्या पृष्ठभागावर किती उजेड पडतो ते मोजण्याचे एकक असून बाहेरच्या दुपारच्या उन्हात तेच माप हजारोंच्या घरात असते. उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना या अंधुकपणाची सवय होण्यास काही मिनिटे लागतात आणि घाईतला प्रेक्षक तोवर पुढच्या भिंतीपाशी पोहोचलेला असतो. याच कारणाने नाजूक चित्रे आलटून पालटून भांडारात विसावतात, त्यामुळे ज्या एका लघुचित्रासाठी घाट उतरून यावे ते त्या महिन्यात भिंतीवर नसण्याचीही शक्यता असते. संवर्धनाच्या दृष्टीने हे योग्यच आहे, मात्र प्रेक्षकाला ते दारात पोहोचण्याआधी कळायला हवे, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रेक्षक एका श्रेष्ठ चित्रासमोर सरासरी 27 सेकंद थांबतो असे आढळले. या गतीने शंभर चित्रे पाऊण तासात उरकतात, म्हणजे तेरा तासांच्या खटाटोपातून प्रत्यक्ष पाहणे पाऊण तासाचे. चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करत आणि त्यांच्या कॅनव्हासवरचे रंगांचे थर नजरेला सावकाश सापडतात. अशा चित्राला 27 सेकंद देणे म्हणजे ख्यालाचा केवळ षड्ज ऐकून मैफलीतून उठणे होय. तरीही सहलीला आलेला प्रेक्षक सगळ्या भिंती पाहिल्याखेरीज बाहेर पडत नाही, कारण प्रवासाचा खर्च एका चित्रावर ‘फिटला’ असे मानण्याची त्याची तयारी नसते. वास्तविक ती असायला हवी.

तात्पुरत्या प्रदर्शनाच्या मागे लागलेला हाच प्रेक्षक कायमच्या संग्रहांकडे मात्र फिरकत नाही, हे अधिक चमत्कारिक आहे. स्वतः चित्रकार असलेले औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये आपल्या गावी उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर याचे ‘माता आणि मूल’ हे शिल्पही आहे. तिथे आठवड्याने काही उतरत नाही. परंतु औंध रेल्वेमार्गावर नाही, त्यामुळे सातारा जिल्ह्यातल्या या गावी जाण्याचे मुंबईकर रसिकाने ठरवलेच, तर त्यालाही आधी एसटीचे वेळापत्रक पाहावे लागते.